अष्टागराला जाताना



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. देशावरच्या पुष्कळ शाळांची पहिली पसंती समुद्राला असते, आणि ते योग्यच आहे. ज्याने जन्मात ओढा, विहीर आणि फार तर धरण पाहिले, त्या मुलाने एकदा तरी क्षितिजापर्यंत पसरलेले पाणी पाहावे. पण सहलीहून परतल्यावर मुलांना निबंध लिहायला सांगा आणि त्या वह्या वाचून पाहा. 'आम्ही पहाटे निघालो. आम्ही समुद्र पाहिला. आम्ही वाळूत किल्ला केला. आम्ही घोड्यावर बसलो. फार मजा आली.' चाळीस वह्यांत हेच चाळीस वेळा. मुलांचा त्यात दोष नाही. आपण त्यांना समुद्र दाखवला. समुद्राकाठी राहणारे गाव दाखवले नाही.

आज मी तुम्हांला अशा एका किनाऱ्यावर नेणार आहे, जिथे समुद्र आणि गाव वेगळे काढताच येत नाहीत. त्याचे नाव अष्टागर. रायगड जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पर्यंत ज्याला कुलाबा जिल्हा म्हणत त्यात, अलिबागच्या आसपासची ही बागायती गावे. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. किहीमपासून रेवदंड्यापर्यंत आणि खाडीपलीकडच्या कोर्लईपर्यंत गेलात, तर अंतर फार नाही. दोन दिवसांत सावकाश पाहून होते. पण एवढ्याशा पट्टीत दोन हजार वर्षांचे बंदर आहे, मराठ्यांचा जलदुर्ग आहे, ज्यूंची प्रार्थनामंदिरे आहेत, पोर्तुगीजांची तटबंदी आहे आणि मराठीतला एक फार जुना शिलालेखही आहे. हे सगळे इथेच का गोळा झाले, याचे उत्तर समुद्राकडे आहे. आणि ते यापुढे टिकणार की नाही, याचे उत्तर थोडेफार आपल्याकडे, जाणाऱ्यायेणाऱ्यांकडे आहे. मला आज बोलायचे आहे ते एवढेच.

निघण्यापूर्वी एक गोष्ट मात्र केली पाहिजे. पंचांग उघडले पाहिजे. तुम्ही म्हणाल, सहलीला मुहूर्त कशाला? मुहूर्तासाठी नव्हे, भरती-ओहोटीसाठी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तितकीच मागे सरकते. म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी एक सोपा हिशेब बसवला आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. येईल त्या तासाला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती. अष्टमी असेल तर सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हिशेब ढोबळ आहे, पंधरावीस मिनिटे, कधी अधिकही, इकडेतिकडे होणारच. पण घड्याळ नसलेल्या माणसाला तो पिढ्यान् पिढ्या पुरला. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोन्ही बेताच्या, तो भांग. शिक्षकांनी हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडावा. पाऊणकीचा पाढा कशासाठी शिकायचा, हे मुलांना सांगण्याची याहून चांगली संधी मिळणार नाही.

मुंबईहून लाँचने मांडव्याला उतरलात की अलिबागच्या वाटेवर किहीम लागते. तिथे सुरूची झाडे आहेत, स्वच्छ वाळू आहे. पण मी किहीमचे नाव घेतो ते एका पाखरासाठी. सुगरण पक्षी तुमच्या विहिरीवरच्या बाभळीवरही असेल. या सुगरणीच्या संसाराचे कोडे डॉ. सालिम अली यांनी किहीमला बसून सोडवले आणि त्यावरचा त्यांचा अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. त्यांना दिसले ते असे : घरटे विणतो तो नर. ते अर्धेमुर्धे झाले की माद्या येऊन आत-बाहेर निरखून पाहतात. एखादीला घर पसंत पडले तर ती आत राहते, नर ते पुरे करून देतो आणि लगेच शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो, दुसरी मादी आणण्यासाठी! म्हणजे आपण ज्या कारागिरीला सुगरण असे बाईचे नाव दिले, ती सारी बुवाची. हे शोधायला प्रयोगशाळा लागली नाही. एक झाड, एक विहीर आणि पुष्कळ धीर एवढेच लागले. खेड्यातल्या शिक्षकाकडे या तिन्ही गोष्टी असतात.

किहीमहून थोडे पुढे नवगाव. इथे एक फार जुनी आठवण जपलेली आहे. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, सांगतात की त्यांच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि बुडालेल्यांना नवगावला मूठमाती दिली. ही परंपरेने चालत आलेली कथा आहे. तिचे साल कुणी ठामपणे सांगू शकत नाही. पण पुढचे सारे डोळ्यांसमोरचे आहे. ही मंडळी कोकणच्या गावांतून राहिली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार. त्या दिवशी घाणा बंद. म्हणून शेजारच्या लोकांनी त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. ज्या गावी राहिले त्या गावाचे आडनाव त्यांनी घेतले : किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर. घरात मराठी, नेसणे-वागणे कोकणी, आणि प्रार्थना हिब्रू. त्यांच्या मलिद्याच्या विधीत ताटात काय असते? पोहे, नारळ आणि फळे! धर्म दूर देशीचा आणि नैवेद्य अष्टागराचा.

अलिबागमध्ये इस्रायल आळी म्हणून भाग आहे. तिथले प्रार्थनामंदिर १८४८ सालचे. इस्रायलचे राष्ट्र १९४८ मध्ये स्थापन झाल्यावर बहुतेक कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. पण जाताना ती मराठी बरोबर घेऊन गेली. तिकडे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले, हे ऐकून तुम्हांला बरे वाटेल. इथे राहिलेली घरे आता मोजकी आहेत. प्रार्थनामंदिर पाहायचे तर आधी विचारून जावे, शनिवार टाळावा, डोके झाकून आत जावे. आपल्या देवळात परका माणूस जसा वागावा असे आपल्याला वाटते, तसे वागावे, म्हणजे झाले.

आता अलिबागचा किनारा. समोर पाण्यात कुलाबा किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांनी आपल्या अखेरच्या काळात, १६८० साली, तो बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या वेळी तो पुरा झाला. पुढे तो कान्होजी आंग्र्यांचे मुख्य ठाणे झाला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन त्यावर मोठी चाल केली; किल्ला पडला नाही. कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे आणि तिच्यावर दोन फुले वाहिल्यावाचून परतू नये.

भरतीला हा किल्ला बेट असतो आणि ओहोटीला त्याच्यापर्यंत पायवाट होते. तृतीया ते पंचमी या तिथींना सकाळी आठ ते दहाच्या सुमारास ओहोटी असते, ती वेळ शाळेला सोयीची. मात्र किनाऱ्यावरच्या माणसाला विचारल्याशिवाय एक पाऊलही टाकू नये आणि तो 'आता फिरा' म्हणाला की फिरावे. पाणी मागून आणि बाजूने भरते. रेंगाळलेली माणसे अडकून पडल्याचे प्रकार इथे घडतात.

चालताना मुलांना खाली पाहायला सांगा. खडकांना चिकटलेली कालवे दिसतील. डबक्यात शंखातला खेकडा घर पाठीवर घेऊन चाललेला दिसेल. किल्ल्याजवळ पोचलात की तटाचे दगड पाहा. प्रचंड दगड एकावर एक नुसते रचले आहेत, मध्ये चुना नाही. असे का? लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरते, तिचा जोर फुटतो आणि भिंत शाबूत राहते. समुद्राशी ताठ छातीने भांडण्यापेक्षा त्याला थोडी वाट करून द्यावी, हे त्या गवंड्याला कळले होते. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेले गणपतीचे मंदिर आहे आणि चारी बाजूंना खारे पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. त्या विहिरीपाशी मुलांना एक प्रश्न विचारून ठेवा : समुद्रात गोडे पाणी कसे? उत्तर लगेच देऊ नका. ते नागावला मिळणार आहे.

विज्ञानाच्या शिक्षकांसाठी अलिबागला आणखी एक ठिकाण आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद करणारी वेधशाळा आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे सूक्ष्म उपकरणे बिघडणार, म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला आणले. उपकरणांच्या इमारतींत लोखंड वापरलेले नाही. शहराच्या गोंगाटापासून दूर, शांत गाव हवे म्हणून शास्त्रज्ञ इथे आले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

अलिबागहून दक्षिणेला निघालो की लगेच आक्षी. इथे मराठीच्या शिक्षकाने थांबलेच पाहिजे. आक्षीचा शिलालेख बऱ्याच अभ्यासकांच्या वाचनाप्रमाणे शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा आहे. शिलाहार राजवटीतला हा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात शिलालेखांत गणला जातो. दगडावर सूर्य-चंद्र आहेत, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान चालावे, असा अर्थ. ज्ञानेश्वरीच्या आधी पावणेतीनशे वर्षे या समुद्रकाठच्या गावात कुणीतरी मराठीत व्यवहार लिहून ठेवत होते! आणि हा दगड बरीच वर्षे रस्त्याच्या कडेला, उन्हापावसात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या दुर्लक्षात उभा होता. दगडाला वाचता येत नाही, पण वाचणारा भेटला नाही तर तोही मुका होतो. मुलांनी त्यावर हात फिरवू नये, खडूने अक्षरे भरू नयेत. नुसते समोर उभे राहून पाहावे.

आक्षीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पाखरांचे थवे उतरतात. दूर उत्तरेकडून आलेले कुरव आणि लहान-मोठे चिखलपायटे ओहोटीच्या ओल्या वाळूत चोची खुपसत फिरत असतात. भरती आली की तीच पाखरे एका कोरड्या पट्ट्यावर दाटीने बसून राहतात. त्यांचेही वेळापत्रक तिथीप्रमाणेच चालते. त्यांना उडवून गंमत पाहण्याचा मोह मुलांना होतो. तो आवरावा. हजारो कोस उडून आलेल्या पाहुण्याला जेवणावरून उठवू नये.

आता नागाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, खाली दाट सावली, मधून पाट. पूर्वी इथे वाडीवाडीत रहाट होते. बैल फिरे, गाडगी खाली जात, भरून वर येत आणि पाटात रिकामी होत. आता त्या जागी बहुतेक विजेचे पंप आले आहेत. आणि इथेच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

पावसाचे पाणी वाळूत मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, आमटीवर तेलाचा तवंग असतो तसे. वाडीतली विहीर उपसते ती हा तवंग. भूजलाचा एक ठोकताळा असा आहे की समुद्रपातळीच्या वर जर एक फूट गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. आता हाच हिशेब उलटा करा. उपसून उपसून वरची पातळी एका फुटाने उतरली, तर खालून खारे पाणी हळूहळू चाळीस फूट वर सरकू पाहते. रहाटाला मर्यादा होती. बैल दमे, माणूस दमे, तेवढ्यात विहीर पुन्हा भरे. पंप दमत नाही. एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी व्हायला कितीतरी पावसाळे जातात. माणूस विकत पाणी आणून पिईल. पोफळ कुठे जाईल?

आता आपल्याकडे वळा. सुट्टीच्या दिवसांत या गावांत माणसांची रीघ लागते. समुद्रात डुंबायचे आणि वर येऊन गोड्या पाण्याने दोन-दोनदा अंघोळ करायची. पाणी कुठून येते याची कुणाला फिकीर नसते. ज्या सावलीच्या ओढीने आपण तिथे जातो, तिच्या मुळाशी असलेला तवंग आपणच उपसत असतो. म्हणून सांगतो, शाळेची सहल नेलीत तर मुलांना एक-एक बादली मोजून द्या आणि का, ते विहिरीच्या काठावर उभे करून सांगा. भूगोलाचा हा धडा ती कधी विसरणार नाहीत.

नागावच्या पुढे चौल. आज हे शांत, झाडीत दडलेले गाव आहे. पण कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत 'चेमूल' म्हणून याचे नाव आहे, ग्रीक लेखकांच्या लिखाणात आहे. इसवी सन ९१६ च्या सुमारास अल् मसूदी नावाचा अरब प्रवासी इथे येऊन गेला. आणि १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. हिंदुस्थानात घोड्याला भाव चांगला येतो, असे त्याला कळले होते. पुढे जुन्नरला तो घोडा तिथल्या अधिकाऱ्याने हिसकावून घेतला आणि मोठ्या मिनतवारीने परत दिला! त्या प्रवासाची हकीकत त्याने लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला त्या काळचे जुन्नर आणि बीदर एका परक्याच्या डोळ्यांनी पाहता येते. त्याच्या स्मरणार्थ रेवदंड्यात स्तंभ उभारलेला आहे.

चौलची वैभवाची सारी कारणे पाण्याची होती आणि उताराचीही बरीचशी पाण्याचीच. खाडी गाळाने उथळ झाली, मोठी गलबते मुंबईला लागू लागली आणि बाजार तिकडे गेला. मागे राहिले रामेश्वराचे मंदिर, त्याच्या पुढ्यातला तलाव, टेकडीवरचे दत्ताचे देऊळ आणि वाड्यांतून मधूनच डोके काढणारे जुने चिरे.

चौलला लागूनच रेवदंडा. १५०८ मध्ये इथल्या बंदरात मोठे आरमारी युद्ध झाले आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा त्यात मारला गेला. पुढे पोर्तुगीजांनी इथे तटबंदीचे शहर वसवले. १५७०-७१ मध्ये निजामशहाने त्याला वेढा घातला, तरी ते टिकले. अखेर वसईच्या पराभवानंतर १७४० मध्ये पोर्तुगीजांना ते मराठ्यांच्या हवाली करावे लागले. आज मोटारीचा रस्ता त्या तटातून आत शिरतो आणि आत किल्ला नाही, गाव आहे! चर्चचा उंच मनोरा, ज्याला लोक सातखणी म्हणतात, तो पोफळींच्या वर डोकावतो. पडक्या भिंतीला लागून कुणाचे अंगण आहे, कुणाची वाडी आहे. म्हणून इथे फिरताना ध्यानात ठेवावे की आपण अवशेषांत नाही, कुणाच्या तरी परसात उभे आहोत. हाक मारावी, 'येऊ का?' म्हणून विचारावे. बहुधा 'या की' असेच उत्तर येते आणि मागून पाण्याचा तांब्याही येतो.

रेवदंड्याच्या पुढे कुंडलिकेची खाडी. काठाला तिवर आणि कांदळाची झाडी. या झाडांना आपण खारफुटी म्हणतो आणि चिखलातली निरुपयोगी झुडपे समजतो. ओहोटीला त्या चिखलात पाहा : निवट्या नावाचे मासे पाण्याबाहेर येऊन चिखलावर उड्या मारताना दिसतील, चिंबोऱ्या बिळांतून डोळे काढून बसलेल्या दिसतील. पुष्कळ माशांची पिल्ले याच मुळांच्या आडोशाने वाढतात आणि मग समुद्रात जातात. वादळाची लाटही ही झाडी आधी आपल्या अंगावर घेते. महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचे कांदळवृक्ष म्हणून मान दिला, तो उगाच नव्हे. इकडचे कोळी डोल जाळे लावतात, तेही भरती-ओहोटीच्या ओढीवर. खांबांना जाळ्याचे तोंड बांधायचे, पाण्याच्या ओढीने जवळा-बोंबील आपोआप आत येतो. म्हणजे पुन्हा तिथी आली! जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा मासे अंडी घालतात आणि दर्याही खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेचा नारळ ही नुसती पूजा नव्हे; दर्या उघडण्याचा तो सोहळा आहे.

पूल ओलांडून पलीकडे गेलात की कोर्लई. समुद्रात घुसलेली एक डोंगराची सोंड, तिच्यावर पोर्तुगीजांचा किल्ला, टोकाला दीपगृह. किल्ल्यावरून एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी असा देखावा दिसतो आणि बहुतेक लोक तो पाहून परत फिरतात. माझी विनंती आहे, तुम्ही पायथ्याच्या गावात जा आणि कान देऊन ऐका. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले; त्यांच्या मागे राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची बोली मात्र राहिली. पोर्तुगीजातून जन्मलेली आणि मराठीच्या मांडीवर वाढलेली ही भाषा. बोलणारे तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची बोली'. शब्द पुष्कळसे पोर्तुगीज, पण वाक्यात क्रियापद शेवटी येते, आपल्यासारखे! बोलणारी माणसे हजाराच्या आसपास. एखाद्या मोठ्या हायस्कूलच्या पटावर याहून जास्त मुले असतील. जगात दुसरीकडे ही बोली नाही.

हसू नका हो, 'काय ही खिचडी' म्हणून. पाव, बटाटा, काजू, पेरू, चावी, बादली, इस्त्री, पगार हे शब्द आपणही पोर्तुगीजांकडूनच घेतले आहेत. तुमच्या-माझ्या मराठीत ते मीठासारखे विरघळले. कोर्लईकरांनी घेतले जरा जास्त, एवढाच फरक. मुलांना सांगावे की ही बोली ऐकायची असेल तर म्हाताऱ्या माणसाला आदराने 'हे तुमच्यात काय म्हणतात?' असे विचारा, नाटकातली नक्कल पाहिल्यासारखे खिदळू नका. बोली मरते ती बहुधा बंदीने नव्हे, लाजेने. परका माणूस आपल्या भाषेबद्दल कुतूहलाने विचारतो आहे, हे घरातल्या पोराने पाहिले, तर ते पोर ती बोलायला लाजणार नाही. पाहुणा गावाचे काही बिघडवू शकतो, तसे थोडे घडवूही शकतो.

परतताना बोटीने न येता पेणच्या रस्त्याने या. वाटेत पोयनाड भागात चरी हे गाव आहे. इथे किल्ला नाही, लेणे नाही. आहेत ती खाडीकडची भाताची शेते. समुद्राला बांध घालून ही खारी जमीन माणसाने पिकाऊ केली. बांध फुटला की पीक गेले. पण पिकातला मोठा वाटा खोताचा. म्हणून १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने इथल्या कुळांनी संप पुकारला आणि शेते पडीक ठेवली. एक हंगाम नव्हे, १९३९ पर्यंत! डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती नाहीशी करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. पेरायचे नाही असे ठरवणाऱ्या शेतकऱ्याचे काळीज काय असेल, हे या कार्यक्रमाच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. कुलाब्याचा तट पाहिलेल्या मुलाने हे बांधही पाहावेत. तट राजाने बांधला. बांध कुळाने घातला. दोघांपुढे समुद्र एकच होता.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या वर्षी सहल नेणार असाल तर थोडे कमी पाहा, पण थांबून पाहा. पाच ठिकाणांऐवजी तीन करा. गावातल्याच खानावळीत जेवा. उष्टी-खरकटी आणि कागद-पिशव्या बरोबर परत आणा. जिवंत शिंपले खिशात घालू देऊ नका. आणि प्रत्येक मुलाला तीन कामे द्या. त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ तिथीवरून काढायची आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहायची. गावातल्या एका माणसाला त्याच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारायचा. आणि पूर्वी न ऐकलेले पाच शब्द अर्थासह लिहून आणायचे. मग परतल्यावरचे निबंध वाचा. चाळीस वह्यांत चाळीस निरनिराळी गावे सापडतील.

ज्यांना जाणे जमणार नाही त्यांनीही मन खट्टू करू नये. तुमच्याही गावात एखादा मुका दगड असेल, रहाटाची मोडकी विहीर असेल, चार घरांत उरलेली एखादी बोली असेल. पाहण्याची ही रीत तिथेही चालते. अष्टागर फार जुने, फार देखणे आहे. पण त्याची खरी शिकवण अशी की जे बाहेरून येते, ते आपल्या वागण्याने गावाचे होते किंवा गावाला जड होते. फुटल्या गलबतातून आलेली माणसे इथली झाली. आपण तर धडधाकट गाडीतून जाणार आहोत. आपल्याला तेवढे जमायला हरकत नसावी.